चौकटीबाहेर आलेला पाय

प्रश्न: सीताबर्डीला रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक काळं-पांढरं चित्र सापडलं, मित्र म्हणतो ब्रूगेल या जुन्या युरोपियन चित्रकाराचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र आहे. कापणी चाललीय, समोर एकजण बसून भलामोठा जग तोंडाला लावून पितोय. पण त्याचा पाय चौकटीच्या बाहेर गेलाय, छापताना गडबड झाली का? आणि खाली लॅटिनमधे जून, जुलै, ऑगस्ट लिहिलंय, तेव्हा कसली कापणी?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: गडबड नाही हो, त्या पायातच तर सगळी मजा आहे! पाय बाहेर, लांब दांड्याच्या विळ्याचं पातंही बाहेर, म्हणजे पाय जरा लांब केला की आपल्या मांडीवरच येईल असं वाटतं. त्याचा चेहरा मात्र तोंडाला लावलेल्या जगामागे गेलाय, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या त्या बाईकडे बघा, तिलाही तोंड नाही, जणू धडावर थेट भाजीच ठेवलीय. मला वाटतं हे मुद्दाम केलंय, कोण आहे ते सोडा, खांदे आणि पाय बघा.

महिन्यांचं म्हणाल तर आपल्याकडे जुलैत निंदण नि डवरणी चालते, गहू फेब्रुवारी-मार्चमधेच निघतो, पण चित्र पडलं बेल्जियमकडचं, तिथे पीक उन्हाळ्यात पिकतं आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे हेच तीन महिने. आपण उकिडवे बसून विळ्याने कापतो, ते तेव्हा उभ्याने कंबर फिरवून कापायचे, म्हणून ती पातीही एवढी लांब.

आता मित्राला सांगा, एचिंग नाही, एनग्रेव्हिंग आहे. ब्रूगेलने 1568 मधे फक्त ड्रॉइंग केलं, पुढच्याच वर्षी तो गेला, तांब्यावर कोरलं पीटर व्हान डर हेडेनने आणि 1570 मधे अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने छापलं (हे ऋतूंच्या मालिकेतलं उन्हाळ्याचं चित्र, शरद आणि हिवाळ्याची मग हान्स बोल या चित्रकाराकडून करून घेतली). एचिंगमधे अ‍ॅसिड तांबं खाऊन रेघ पाडतं, त्यामुळे तिचं टोक बोथट असतं, इथे हत्याराने कोरलेली रेघ मधे जाड नि टोकाला सुईसारखी बारीक होत जाते.

तुमचं ओरिजिनल आहे का? भिंगाखाली धरा, ठिपके ठिपके दिसले तर पुस्तकातून फाडलेलं ऑफसेटचं पान आहे, विषय संपला. ठिपके नसतील तर कागद उजेडात तिरपा धरून चित्राभोवती प्लेटचा दाब उमटलाय का ते बघा. आणि तोवर फ्रेमवाल्याने कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका.