लेप्टोमध्ये किडनी, फुफ्फुसं आणि लिव्हर एकदमच कशी काय बिघडतात?

तुम्ही लिहिलंय की दाजींना चार-पाच दिवस साधा ताप समजून गोळ्या चालू होत्या, मग डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली आणि दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर गेले, रिपोर्ट लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आला. डॉक्टर म्हणतात किडनी, फुफ्फुसं, लिव्हर तिन्ही इन्व्हॉल्व्ह आहेत. तुमचे प्रश्न तीन, एकच जंतू तीन अवयव एका वेळी कसा बिघडवतो, त्यांना आधीपासून काहीतरी असणारच ना, आणि आता डायलिसिस जन्मभर करावं लागणार का.

मी फिजिशियन आहे, रेसिडेन्सी मुंबईत पालिकेच्या हॉस्पिटलात झाली आणि आता कोकणात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हा आजार बघण्यातच जातो. दाजींची फाईल मी बघितलेली नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच धरा.

आधी डायलिसिसचं सांगतो कारण घरचे त्यानेच जास्त घाबरलेले असतात. लेप्टोमधलं डायलिसिस बहुतेक वेळा तात्पुरतं असतं. यातून जो पेशंट वाचतो त्याची किडनी बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत परत कामाला लागते. शुगर-बीपीने वर्षानुवर्षं झिजून गेलेली किडनी वेगळी आणि ही वेगळी, डायलिसिसचं मशीन तेच असलं तरी. आणि आधीपासून काही असायची अजिबात गरज नाही. आमच्याकडे येणारे जास्त करून धडधाकट कामकरी पुरुषच असतात, लावणीला चिखलात उतरलेले, गटार साफ करणारे, गोठ्यात काम करणारे, नाहीतर पाणी तुंबलं म्हणून स्टेशनपासून घरापर्यंत चालत गेलेले. वय जास्त असेल, दारू असेल, शुगर असेल तर आजार जड जातो हे खरं, पण होण्यासाठी फक्त ते पाणी आणि पायाला एखादी भेग पुरते.

आता मुख्य प्रश्न. लेप्टोस्पायरा हा अगदी बारीक, पीळदार जंतू आहे, उंदराच्या किडनीत राहतो आणि गंमत म्हणजे उंदराला त्याचं काहीच होत नाही, तो आयुष्यभर लघवीतून जंतू सोडत फिरतो. गाईम्हशी, डुकरं, कुत्री यांच्याकडूनही येतो पण शहरात मुख्य उंदीर आणि घुशीच. पावसाच्या पाण्यात ती लघवी मिसळते आणि पायाच्या जखमेतून, पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्या-नाकातोंडातून जंतू थेट रक्तात जातो. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, कधीकधी महिनाही लागतो, म्हणून पेशंटला ते पाण्यात चाललेलं आठवतही नाही, विचारून विचारून काढावं लागतं. पहिला आठवडाभर हा जंतू रक्तातून सगळीकडे फिरत असतो, तो काही एक अवयव निवडत नाही, जिथे रक्त जातं तिथे तो जातो. त्याचा मुख्य मार बसतो बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आणि पेशी-पेशींमधल्या सांध्यांवर. बाथरूमच्या टाईल्स शाबूत असतात पण मधलं व्हाईट सिमेंट निघून गेलं की खालच्या मजल्यावर गळायला लागतं ना, तसंच समजा. पेशी बऱ्यापैकी जिवंत असतात, पण जे आत राहायला पाहिजे ते बाहेर झिरपतं. म्हणून तीन अवयवांत तीन वेगळे आजार वाटतात पण मुळात भानगड एकच आहे, आणि किडनी-लिव्हर नंतर पूर्ण सुधारतात त्याचं कारणही मोठ्या प्रमाणात हेच.

किडनीचं जरा डिटेलमध्ये सांगतो कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि लघवी होते दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं पाणी, मीठ, पोटॅशियम वगैरे आतल्या बारीक नळ्या परत रक्तात ओढून घेतात. लेप्टोचा जंतू नेमका या नळ्यांमध्ये आणि आजूबाजूला जाऊन बसतो, तिथे सूज येते आणि हे परत ओढायचं काम बिघडतं. त्यामुळे सुरुवातीला काय होतं की क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा) वाढत असतं पण लघवी व्यवस्थित होत असते, कधी नेहमीपेक्षा जास्तच, आणि घरचे म्हणतात डॉक्टर लघवी तर होतेय मग किडनी कशी खराब. एरवी किडनी बंद पडली की आम्हाला भीती असते पोटॅशियम वाढायची, इथे सुरुवातीला उलटं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं आणि कमी पडतं, कधी सलाईनमधून द्यावं लागतं. लेप्टोची शंका घ्यायला ही एक चांगली खूण आहे. मग ताप, उलट्या, खाणं-पिणं बंद, त्यात रक्तवाहिन्या झिरपतायत, प्रेशर उतरतं आणि किडनीला रक्तच कमी पोचायला लागतं, तेव्हा लघवी खरोखर बंद होते. त्यातच तापात अंग फार दुखतं म्हणून कोणीतरी डायक्लोची, म्हणजे डायक्लोफेनॅक या पेनकिलरची सुई मारलेली असते. हे माझं जुनं भांडण आहे, पावसाळ्यातल्या तापाला पॅरासिटामॉल सोडून दुसरी पेनकिलर घेऊच नका, आधीच मार बसलेल्या किडनीला ती आणखी खाली नेते. डायलिसिस लागणार असेल तर लवकर सुरू केलेलं आणि रोज केलेलं बरं असतं, उशीर केला की मृत्यूचं प्रमाण वाढतं, त्यामुळे डॉक्टर डायलिसिस म्हणाले तर दोन दिवस थांबून बघू असं म्हणू नका.

लिव्हरचं त्या मानाने सोपं आहे. लेप्टोमध्ये बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारं पिवळं द्रव्य, भलतंच वाढतं, २० काय ३० काय, पण एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र बऱ्याचदा दोनशेच्या आतबाहेर. साध्या काविळीत, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये, एसजीपीटी हजारांत जातं कारण लिव्हरच्या पेशी मरतात. इथे पेशींमधले सांधे सुटतात आणि पित्त आतड्याकडे जायच्या ऐवजी रक्तात उतरतं. त्यामुळे माणूस हळदीसारखा पिवळा दिसतो आणि नातेवाईक लिव्हर गेलं म्हणून रडतात, पण फक्त लिव्हरमुळे लेप्टोचा पेशंट दगावणं फार कमी. खरं नुकसान वेगळीकडेच होतं, ते म्हणजे कावीळ दिसली की लोक आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात, नाकात थेंब काय, गळ्यात माळ काय, आणि त्यात जे तीन-चार दिवस जातात तेच दिवस औषधाचे असतात.

पोटाचा त्रासही भरपूर होतो. सुरुवातीला उलट्या, जुलाब, पोटदुखी, मग बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल असं म्हणून विषय संपतो. कधी पित्ताशय सुजतं, खडा नसताना, आणि पोट एवढं दुखतं की सर्जनला बोलवावं लागतं, कधी स्वादुपिंडाला सूज येते. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर आतून रक्त जातंय असं समजायचं आणि लगेच सांगायचं.

फुफ्फुसांबद्दल तुम्हाला गोड बोलून उपयोग नाही, या आजारात सगळ्यात धोकादायक भाग तोच. फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे आणि रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, तो झिरपायला लागला की हवेच्या जागेत रक्त भरतं. खोकला, थुंकीत रक्ताची रेघ, धाप, एक्स-रे पांढरा, आणि हे काही तासांत वाढतं. बरं, रक्त तोंडातून दिसेलच असं नाही, कितीतरी वेळा श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावरच पहिल्यांदा ते दिसतं, म्हणून आम्ही तापाच्या पेशंटचा श्वास मिनिटाला किती चाललाय ते मोजत बसतो. विशेष म्हणजे अशा फुफ्फुसात जंतू फार सापडत नाहीत, अँटीबॉडीज आणि प्रतिकारशक्तीची इतर प्रथिनं मात्र पडद्यावर चिकटलेली सापडतात, म्हणजे इथे जंतूइतकाच आपल्या शरीराचा स्वतःचा प्रतिसादही गुंतलेला आहे. म्हणूनच काही डॉक्टर स्टिरॉइड देतात, त्याबद्दल एकमत नाही, मी पेशंट बघून ठरवतो. जोराचा रक्तस्राव झाला तर निम्म्याहून जास्त पेशंट दगावल्याचे रिपोर्ट आहेत. तुमचे दाजी ट्यूबवर आहेत आणि टिकून आहेत, यात पहिले दोन-तीन दिवस निघणं फार महत्त्वाचं असतं.

आणि इथेच आयसीयूमधली खरी ओढाताण असते. किडनीला पाणी हवं असतं, प्रेशरसाठी सलाईन हवं असतं, पण वाहिन्या गळत असल्यामुळे तेच सलाईन फुफ्फुसात उतरतं. बाहेर बसलेल्या नातेवाईकांना वाटतं सकाळी सलाईन चालू होतं, संध्याकाळी बंद केलं, यांना नक्की काय करायचंय तेच कळत नाहीये. कळत असतं हो, दर तासाला हिशोब बदलत असतो.

कावीळ, किडनी आणि ताप असं एकत्र चित्र जर्मनीत अडॉल्फ वाईल यांनी १८८६ मध्ये लिहून ठेवलं, जंतू जपानमध्ये इनाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१५ च्या सुमारास शोधला. त्या जुन्या वर्णनामुळे अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात कावीळ असेल तरच लेप्टो असं बसलंय. १९९५ ला निकाराग्वामध्ये पुरानंतर लोक फुफ्फुसात रक्त येऊन मेले, कावीळ नव्हतीच, सुरुवातीला डेंग्यू वाटला होता. आपल्या अंदमानात तर अशा तापाला अंदमान हेमरेजिक फीवर असं वेगळंच नाव होतं, नव्वदच्या दशकात कळलं की तो लेप्टोच आहे. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या पेशंटनी वॉर्ड भरले, तेव्हापासून निदान मुंबईतल्या डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव पटकन येतं.

दाजींचं निदान उशिरा का झालं असं तुम्ही अडून विचारलंयत, तर पहिले चार-पाच दिवस रक्तातली आयजीएम टेस्ट निगेटिव्हच येऊ शकते कारण अँटीबॉडी तयारच झालेल्या नसतात. त्या दिवसांत पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, उपयोगी पण ती सगळीकडे होत नाही. मग डेंग्यूची टेस्ट होते, प्लेटलेट कमी येतात, त्या दोन्हींत कमी होतात, आणि सगळं घर किवी आणि पपईच्या पानाचा रस शोधायला पळतं. पोटऱ्या दाबल्या तरी ओरडेल इतकं दुखणं आणि चिपडं न येता लाल झालेले डोळे, या दोन गोष्टी दिसल्या आणि माणूस पाण्यात गेलेला असेल तर मी रिपोर्टची वाट बघत नाही, औषध सुरू करतो. औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, सौम्य आजाराला डॉक्सीसायक्लिन, जास्त असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शनं. बहुतेकांचा आजार तेवढ्यावरच निभावतो, थोड्यांचाच दाजींसारखा होतो.

घरात दुसऱ्या कोणाला लागेल का, तर पेशंटकडून लागण जवळजवळ होत नाही, बिनधास्त जवळ बसा, फक्त त्यांच्या लघवीला हात लागला तर साबणाने धुवा. पण त्याच पाण्यात घरातलं आणखी कोणी चाललं असेल तर त्याने डॉक्टरला दाखवावं. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की तुंबलेल्या पाण्यातून गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्या. ते नुसतं पोस्टर नाही, खरंच घ्या, पण मनाने नको, गरोदर बायका आणि लहान मुलांना डॉक्सी देत नाहीत, त्यांना वेगळं औषध असतं.

रोज डॉक्टरांना काय विचारायचं म्हणाल तर बिलिरुबिनच्या मागे लागू नका, ते सावकाश उतरतं आणि पेशंट सुधारत असतानाही वर दिसू शकतं. व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के लागतोय, प्रेशरची औषधं चालू आहेत का, चोवीस तासांत लघवी किती झाली, एवढं विचारा, त्यावरून दिशा कळते. लघवी परत सुरू झाली की कधी कधी धो धो होते, दिवसाला चार-पाच लिटरसुद्धा, ते सुधारणेचंच लक्षण आहे पण तेव्हा पोटॅशियम पुन्हा घसरतं म्हणून रक्ताच्या तपासण्या सुरूच राहतात. लगेच डिस्चार्ज मागू नका. घरी आल्यावर क्रिएटिनिन सांगतील तेव्हा करून घ्या, आणि कोणी प्रेमाने किडनी साफ करायचं चूर्ण आणून दिलं तर घ्या आणि कपाटात ठेवून द्या.