पहिला खर्डा ॲपच्या हातात देऊ नका

ताई, नववीच्या 42 मुलांचे इंग्रजी निबंध तपासायला कुठलं ॲप चांगलं, असं तुम्ही विचारलंय. मीही दापोलीकडेच इंग्रजी शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. निदान पहिल्या खर्ड्याला तरी व्याकरण सुधारणारं ॲप मुलांना देऊ नका.

माझ्या एका मुलाने हर्णैच्या मासळी लिलावावर लिहिलं होतं, 'बोट कम. फादर कीप फिश ऑन सँड. मॅन शाउट रेट.' ॲपने त्याचं 'द ऑक्शन कमेन्सेस' करून दिलं. कमेन्सेस म्हणजे काय, विचारलं तर पोरगा गप्प. वाळूवर मासळी मांडणारा त्याचा बाप तेवढा निबंधातून गेला. मला फार वाईट वाटलं.

शिवाय आपल्या मुलांची नेहमीची चूक ॲपच्या नजरेतून सुटते. आपण 'काल हर्णैला गेलो होतो' म्हणतो, म्हणून मुलं 'आय हॅड गॉन टू हर्णै यस्टर्डे' लिहितात. तिथे नुसतं 'वेन्ट' हवं. पण वाक्य व्याकरणात बसतं, त्यामुळे माझ्या मुलांना लाल रेघ कधी आलीच नाही. हे मराठी येणाऱ्यालाच पटकन कळतं.

मी पहिला खर्डा वहीतच लिहून घेतो. त्याचा फोटो मला एकट्याला व्हॉट्सॲपवर, वर्गाच्या ग्रुपवर अजिबात नाही. चुका चारचौघांत गेल्या की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितं. उत्तर मिनिटभर बोलून पाठवतो, मराठीतच. 'दर ओरडणारा नेमकं काय म्हणत होता रे?' असा एखादा प्रश्न, आणि चूक एकाच प्रकारची सांगायची. भूतकाळ घेतला तर त्या खेपेला फक्त भूतकाळ. एका दिवशी सात-आठच मुलं घ्या, नाहीतर तुम्हीच थकाल.

दुसरा खर्डा शाळेच्या कॉम्प्युटरवर, गूगल डॉक्समध्ये. तिथे फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तीत त्या फाइलमध्ये आधी काय लिहिलं होतं ते राहतं. मुलाला शेजारी बसवून ती उघडा आणि 'हे वाक्य का बदललंस?' विचारा. त्या मुलाने शेवटी 'माय फादर पुट द फिश ऑन द सँड' असं स्वतः लिहिलं. 'द' कुठून आला, तेही त्याला सांगता आलं. ॲप त्यानंतर खुशाल लावा.

पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवा. फोन बहुधा वडिलांचा असतो आणि त्यांच्याबरोबर बोटीवर जातो, म्हणून वहीचा फोटो पाठवायला मुदत चार दिवसांची द्या. तुमच्या शाळेत चालू कॉम्प्युटर किती आहेत ते कळवा, दुसऱ्या खर्ड्याचं वेळापत्रक त्यावर ठरेल.