गाडीत अर्धवट राहिलेलं घराचं बोलणं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी लोकलमध्ये तू मोबाइलवर नव्या टॉवरमधल्या घराची ती जाहिरात दाखवलीस. स्टेशनपासून दहा मिनिटं, स्विमिंग पूल, क्लब हाउस, ५१ हजार भरा आणि बुकिंग करा. मी काही बोलणार तोवर डोंबिवली आली आणि दारातल्या रेट्याबरोबर तू उतरूनही गेलीस. रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. गर्दीत उभ्या उभ्या हे नीट बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहून काढते. रविवारी तुम्ही दोघं चेक द्यायला जाणार म्हणालीस, तो एक रविवार पुढे ढकला. बाकीचं सावकाश वाच.

माझं मत आधीच सांगते. तुमच्या बजेटमध्ये बांधकाम चालू असलेल्या टॉवरच्या मागे लागू नका. ज्या इमारतीत माणसं राहतायत, जिची सोसायटी झाली आहे, जिला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य आहे असा पालिकेचा दाखला, तुम्ही ज्याला ओसी म्हणता तो, मिळाला आहे, अशी पंधरा-वीस वर्षांची साधी इमारत शोधा. स्टेशनपासून पायी जाता येईल अशी. वनआरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, का असेना. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, आसनगाव, नालासोपारा, विरार, कुठेही पाहिलंत तरी हे सोडू नका.

आता हिशेब. तुमच्या दोघांच्या हातात महिन्याला ६२ हजार येतात आणि शिल्लक सात लाख आहे, असं तू म्हणालीस. घर २५ लाखांचं धर. कर्ज ३० लाखांच्या आतलं असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. ते खिशातून. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे बदलतं, तू सात टक्के धरून चाल, आणि ते करारातली किंमत किंवा रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची, किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे हेच दोन लाख झाले. मग दलाली, वकील, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क. सोसायटी यासाठी २५ हजारांच्या वर मागत असेल तर देऊ नका, तेवढा अधिकार तिला नाही. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २५ लाखांवर २५ हजार. नवऱ्याशी मोकळेपणाने बोल, यात मानापमानाचा प्रश्न नाही.

साडेएकवीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं, असं धरलं तर हप्ता साधारण १८,७०० येतो. पगाराच्या तीस टक्के. याच्या वर जाऊ नका, बँक देते म्हणाली तरी. मी २७ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत. ज्यांचे हप्ते थकले, त्यांतले बहुतेक उधळे नव्हते. कुणाच्या घरात आजारपण आलं, कुणाची एक नोकरी सुटली, आणि जवळ दोन महिन्यांचेही पैसे नव्हते. सगळे सात लाख घरात घालू नका. निदान पाच हप्त्यांची रक्कम बाजूला राहू दे आणि तिला फर्निचरसाठी हात लावू नका. पुढे जमेल तेव्हा वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला त्यासाठी दंड लागत नाही, आणि वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत फिटतं.

त्या ‘दहा मिनिटां’विषयी थोडं जास्त लिहिते, कारण फसगत इथेच होते. ती दहा मिनिटं मोटारीने आहेत, तीही रविवारी दुपारच्या रिकाम्या रस्त्यावर. शेअर रिक्षाचे माणशी २० रुपये धर. दोघांचे जाऊन-येऊन ८० होतात, महिन्याच्या २५ दिवसांचे दोन हजार. दोन हजारांत सव्वादोन लाखांच्या कर्जाचा हप्ता जातो. म्हणजे स्टेशनजवळचं घर दोन लाखांनी महाग असलं तरी तुला ते त्याच पैशात पडतं, आणि रिक्षाच्या रांगेतला रोजचा वेळ तुझा राहतो. बदलापूरहून सीएसएमटीला दीड तास जातो. त्याच्या दोन्ही टोकांना आणखी अर्धा अर्धा तास जोडला की काय होतं ते मी माझ्या डब्यातल्या बायकांच्या चेहऱ्यांवर रोज बघते. लेकरं उठायच्या आत त्या निघतात आणि झोपल्यावर पोचतात.

कागदांकडे येते. हे लिहिताना हात जड होतो.

लग्नानंतर आम्ही पहिलं घर अंबरनाथला बुक केलं होतं. माझ्या आईने तिच्या चार पाटल्या मोडून पैसे दिले. आम्ही एक लाख दहा हजार भरले आणि हातात आली एक साधी पावती, वर बिल्डरचा शिक्का. करारनामा ‘पुढच्या महिन्यात’ होता. जमिनीवर भाऊबंदांचा दावा होता, ते आम्हाला जोत्यापर्यंत काम आल्यावर कळलं. पैसे परत मिळाले, पण सहा वर्षांत, पाच-पाच, दहा-दहा हजार करून. तोवर आई गेली होती. तिच्या हातात परत पाटल्या घालायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं. म्हणून सांगते, पावतीवर पैसे देऊ नकोस.

आज तुझ्या बाजूने कायदा आहे, तो आमच्या वेळी नव्हता. २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचंच, सांगावं लागतं. ‘साडेपाचशे फूट’ कानावर पडलं की कार्पेट किती ते विचार, बरेचदा साडेतीनशेच्या आसपास निघतं. पण नुसता महारेरा क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नकोस. तू डोंबिवलीतच राहतेस, त्या ६५ इमारतींचं प्रकरण तुझ्या कानावर असेल. महापालिकेच्या परवानग्या बनावट होत्या, त्यांच्याच जोरावर महारेराची नोंदणी मिळवलेली होती, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितलं. त्याच सुमारास नालासोपाऱ्यात ४१ इमारतींवर बुलडोझर चालला, त्या आरक्षित जागेवर उभ्या होत्या. त्या घरांत राहणाऱ्यांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती.

म्हणून इमारत पसंत पडली की तिच्या बांधकाम परवानगीची आणि ओसीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा. हा क्रमांक तुमच्याकडचा आहे का, एवढंच विचारायचं. एक रजा जाईल, जाऊ दे. जुनं घर घेताना पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार साखळीने हवेत, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-हरकत दाखला, आणि विकणाऱ्यावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून येणं किती आहे त्याचं पत्र. तीस वर्षांचा सर्च घेणारा, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा, वकील तुमचा तुम्ही करा. दलालाने आणलेला नको. बँकेचाही वकील कागद बघतो, पण तो बँकेसाठी बघतो. आणि बँकेत आमच्या विभागात आम्ही एक खूण बघायचो, तीही सांगते. त्या इमारतीत आधी कोणकोणत्या बँकांनी कर्ज दिलं आहे ते विचार. मोठ्या बँका नाही म्हणतायत आणि एकच अनोळखी फायनान्स कंपनी चटकन कर्ज देतेय, असं दिसलं तर तिथून निघ.

जुन्या घराला जीएसटी नाही. ओसी मिळालेल्या नव्या घरालाही नाही. बांधकाम चालू असलेल्याला ४५ लाखांच्या आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आत एक टक्का आहे, त्यावर पाच.

पंतप्रधान आवास योजनेत तुम्ही बसता असं मला वाटतं: उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ च्या आत आणि देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसणं. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर व्याजात सवलत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. अर्ज नक्की करा, पण हिशेब त्या पैशांशिवाय जुळला पाहिजे. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतही अर्ज टाका, तुम्ही अल्प उत्पन्न गटात येता.

आता पाणी. दोन्ही प्रकारचं. नळाला किती वाजता येतं, किती वेळ, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे विकणाऱ्याला विचारू नकोस. पाणी यायच्या वेळी जिन्यात जाऊन उभी राहा. ज्या मजल्यावर दाराबाहेर निळे पिंप भरून ठेवलेले दिसतील, तिथल्या बाईला विचार, ती खरं सांगेल. आणि पुराचं पाणी. आमच्याकडे उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ ला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फ्रिज आडवा होऊन दारात अडकला होता. आम्ही त्यांच्या मुलांना खिडकीतून वर घेतलं. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती बोटींची दृश्यं तू टीव्हीवर पाहिली असशील. त्या पट्ट्यात आजही घरं विकली जातात. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पूर वरचेवर पोचतो त्या हद्दीच्या, आत काही बघूच नकोस, लाल रेषेच्या, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीच्या, आत असेल तर तळमजला नको. आणि तळमजल्याच्या जिन्याखालची भिंत बघ. कितीही रंग दिला तरी पाण्याची रेघ तिथे राहते, मीटरच्या खोक्याखाली हात फिरवलास की प्लास्टर भुसभुशीत लागतं.

घर लहान आहे म्हणून खंत करू नकोस. आमचं ३८० फुटांचं आहे. दोन मुली त्यात वाढल्या, थोरलीने दहावीचा अभ्यास ओट्याखाली चादर अंथरून केला, कारण तिथे दिवा चांगला पडायचा. संध्याकाळी गाडीतून उतरून मी अकरा मिनिटांत दारात असते.

आमच्या मागच्या गल्लीत एक घर विकायचं आहे. दुसरा मजला, ओसी आहे, सोसायटी २००९ ची. म्हातारा-म्हातारी मुलाकडे नाशिकला चालली आहेत. किंमत अजून बोललेलो नाही आणि ते घ्याच असंही मी म्हणत नाही, पण बघायला शिकाल. या रविवारी दोघं या. पाणी साडेसहाला येतं, त्यामुळे डोंबिवलीहून सहाच्या आत गाडी पकडा. स्टेशनवरून रिक्षा करू नका, चालत या. मापाची टेप आणा, माझी मोडली आहे. नाश्त्याला पोहे करते.

तुझी,
बदलापूरची ताई