तीन केट्या आणि गॅलरीची सळई

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. "मॅडम, मुलगा सिव्हिलला आहे. केटी लागल्यात, विषय राहिलेत. आता म्हणतो, ही ब्रँच माझी नाहीच. काढून घेऊ का त्याला?" याचं उत्तर फोनवर देता येत नाही. म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने, नाव आणि काही तपशील बदलून.

समीर म्हणू या त्याला. भांडुपच्या टेकडीवर घर, वडील सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या कामाचे, मुकादम. तो दुसऱ्या वर्षाला असताना मावसबहिणीकडून नंबर घेऊन एकटाच आला. तीन विषय राहिले होते: पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, तिसऱ्या सेमिस्टरचं मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्स आणि एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. वडील साइटवर सगळ्यांना सांगायचे, आमचा पोरगा इंजिनिअर होतोय. समीर मात्र रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि माटुंग्याच्या ‘पाच उद्यान’ बागेत बसून राहायचा. कॉलेज सुटायच्या वेळी परतीची लोकल पकडायचा. महिनाभर हे चाललं होतं.

मी आधी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतो का? हे विचारायला पालक घाबरतात, पण विचारावं. विचारल्याने असा विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. तो नाही म्हणाला. झोप मात्र उडाली होती. तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला.

मग तो म्हणाला, "मला सिव्हिल आवडतच नाही. सीईटीला मार्क कमी पडले, प्रवेशाच्या कॅप राउंडला कॉम्प्युटर हुकलं, हे मिळालं म्हणून घेतलं. मित्र सगळे आयटीला आहेत."

काही मुलांच्या बाबतीत हे शब्दशः खरं असतं, आणि तेव्हा शाखा बदलणंच योग्य. मी तसा सल्ला दिलेलाही आहे. पण नावड आणि नापासाची धास्ती बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून मी विचारलं, "सगळंच आवडत नाही, की काही काही?" तो थोडा थांबला. मग उंची-सखलपणा मोजायचं लेव्हल मशीन लावून स्टाफचं (उभ्या मोजपट्टीचं) रीडिंग घ्यायला बरं वाटतं म्हणाला. मग लॅबमध्ये क्यूब फोडतात त्याबद्दल सांगू लागला. सहा इंची काँक्रीटचा ठोकळा, 28 दिवस पाण्यात ठेवलेला. एम-25 प्रतीचं काँक्रीट असेल तर एका चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसायला हवा. "म्हणजे त्या एवढ्याशा ठोकळ्यावर साधारण 57 टन, मॅडम." हा हिशेब त्याने वहीत न बघता सांगितला. जो विषय मनापासून नकोसा असतो, त्यातलं एवढं कोणी लक्षात ठेवत नाही.

मी त्याला एकच काम दिलं. उत्तरपत्रिकांच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करायचा, आणि हातात आल्या की प्रत्येक गणितात पहिली चूक जिथे झाली तिथे लाल टिंब करायचं. पुढे काय झालं ते बघायचंच नाही. मी इंजिनिअर नाही. त्याचं गणित मला तपासता येत नाही. पण टिंबं कुठे पडली ते मला दिसत होतं. मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्सच्या जवळपास सगळ्या बीमच्या गणितांत ती दोनच जागी होती: टेकूंच्या रिअ‍ॅक्शन (टेकू भाराला किती उलटा जोर देतात ते) काढताना आणि बेंडिंग मोमेंटचं (बीमला वाकवणाऱ्या परिणामाचं) चिन्ह लावताना. त्यातली पहिली गोष्ट पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सची, म्हणजे राहिलेल्याच विषयाची. तीन केट्यांमधल्या दोन खरं तर एकच होत्या.

घरी सांगणं बाकी होतं. "तुम्हीच सांगा ना," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "सांगायचं तूच, मी शेजारी बसेन."

रविवारी वडील आले. समीरने मान खाली घालून सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नापास झालास त्याचं राहू दे. महिनाभर डबा घेऊन जात होतास, तो बागेत खाल्लास?" पोरगा रडायला लागला. त्या शांततेत काय बोलावं मला सुचेना, म्हणून वडिलांना विचारलं, उद्या काय काम आहे?

"स्लॅब आहे. दोन गॅलऱ्या आहेत त्यात, तिथे मला स्वतःला उभं राहावं लागतं. गॅलरीची मेन सळई वर असते. माल ओतताना पोरं तिच्यावर पाय देतात, ती दबून खाली जाते. खाली टेकूला सळईच्या चेअर लावल्या तरी लक्ष ठेवावं लागतं. एकदा अशीच दबलेली गॅलरी सेंटरिंग काढल्यावर लोंबलेली बघितलीय मी."

मी विचारलं, वरच का?

"साहेबांनी सांगितलं, तशी ठेवतो."

समीरने डोळे पुसले, माझ्या टेबलावरची पट्टी उचलली, तिचं एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून धरलं आणि बाहेर आलेलं टोक बोटाने खाली दाबलं. "बाबा, बघा. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताणाला फुटतं. म्हणून सळई ताणाच्या बाजूला. दोन भिंतींवर ठेवलेल्या स्लॅबमध्ये मधोमध हेच उलटं, तिथे सळई खाली." मग म्हणाला, गॅलरीवर सारखा भार धरला तर तिच्या मुळाशी येणारं मोमेंट लांबीच्या वर्गाने वाढतं. चार फुटांची गॅलरी पाच फूट केली की ते दीडपटीहून जास्त होतं.

"म्हणून साहेब ऐकत नाही!" वडील म्हणाले. "पार्टी म्हणते, फूटभर पुढे घ्या ना, काय होतंय. साहेब नाही म्हणजे नाहीच."

समीर पट्टीकडे बघत राहिला. मला नंतर म्हणाला, हॉगिंग (वर फुगणं) आणि सॅगिंगची (खाली झोळणं) चिन्हं त्याने पाठ केली होती. बीम कुठे वाकतो हे बघितलंच नव्हतं.

पुढची आखणी साधी होती. शाखा सोडायची की नाही, हा विषय सहा महिने बंद. आधी मेकॅनिक्स, मग सॉलिड्स. प्रत्येक गणितात आधी फ्री बॉडी डायग्राम (सगळे जोर दाखवणारी आकृती), मग बीम कसा वाकेल याची पेन्सिलने रेघ, आकडे त्यानंतर. अडलं की त्याच दिवशी सरांना विचारायचं. वर्ष पुढे जाण्याचे नियम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून घ्यायचे नाहीत, कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन विचारायचे. साइटवर काम असलेल्या रविवारी हेल्मेट घालून वडिलांबरोबर जायचं. हे मी सुचवलं नव्हतं, त्या दोघांनी ठरवलं.

पगाराचं मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. साइटवरच्या पहिल्या नोकरीचा पगार आयटीतल्या मित्राहून बहुधा कमी असतो, दिवस मोठा असतो, पावसाळ्यात हाल होतात. दुसरीकडे या शहरात मेट्रो-3, कोस्टल रोड, अटल सेतू हे सगळं त्याच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांतच उभं राहिलं, आणि गल्लोगल्ली जुन्या इमारतींचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. काम आहे. ते हवं का, हे त्याने पास झाल्यावर ठरवावं. नापासाच्या भीतीत घेतलेला निर्णय पुढच्या कॉलेजातही पाठ सोडत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

मेकॅनिक्स सुटलं. सॉलिड्स काठावर सुटलं. आयटीच्या मित्रांचा विषय निघाला की अजून त्याचा चेहरा पडतो, आणि तो सिव्हिलमध्येच राहील असं मी खात्रीने सांगणार नाही. एम-थ्री राहिलंय. पेपर डिसेंबरात आहे. त्याची तारीख मला समीरच्या आधी त्याच्या वडिलांनी फोन करून सांगितली.