माझा इकॉलॉजिकल फूटप्रिंट 2.3 पृथ्वी आला. तो खरा मानायचा का, आणि कमी कसा करायचा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी आणते. पुण्यात फ्लॅट, घरात चार माणसं, महिन्याला 250 युनिट वीज, वर्षाला गॅसचे नऊ सिलिंडर, कार आणि स्कूटर मिळून महिन्याला 55 लिटर पेट्रोल, वर्षातून एकदा चौघंही विमानाने दिल्लीला. कॅल्क्युलेटर म्हणाला, सगळं जग तुमच्यासारखं जगलं तर 2.3 पृथ्वी लागतील. मग तुम्ही प्लास्टिकच्या पिशव्या सोडल्यात, दात घासताना नळ बंद ठेवू लागलात, आणि पुन्हा आकडा काढला तर 2.2. वैताग येणारच.

मी सोसायट्यांची आणि छोट्या कारखान्यांची वीज-ऑडिटं करते, त्यामुळे माझं उत्तर बिलांच्या अंगाने जाईल.

हा हिशोब कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचा विद्यार्थी मॅथिस वॅकरनागल यांनी 1990 च्या सुमारास मांडला. आपण जे खातो, जाळतो, बांधतो त्यासाठी किती जमीन आणि समुद्र कामाला लागतो, हे जागतिक हेक्टरमध्ये, म्हणजे जगातल्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये, मोजायचं. या मापालाच इकॉलॉजिकल फूटप्रिंट किंवा ठसा म्हणतात. शेती, चराऊ रान, जंगल, मासेमारीचं पाणी, बांधकामाखालची जमीन आणि आपला कार्बन शोषून घ्यायला लागणारं जंगल असे सहा भाग. जगाच्या एकूण ठशात साठ टक्क्यांच्या आसपास वाटा या शेवटच्या भागाचा आहे. सरासरी भारतीयाचा ठसा 1.2 जागतिक हेक्टरच्या आसपास येतो, म्हणजे सगळे तसे जगले तर एक पृथ्वीही पुरून उरते. अमेरिकेच्या सरासरीला पाच लागतात. तुम्ही 2.3 वर आहात यात मला नवल वाटलं नाही. कार, विमान आणि गीझर असलेलं शहरी घर देशाच्या सरासरीत बसतच नाही.

तरी त्या आकड्याला चिकटून बसू नका. एक तर रस्ते, सरकारी इमारती, लष्कर यांचा वाटा असे कॅल्क्युलेटर देशाच्या सरासरीने तुमच्या डोक्यावर टाकतात. तो तुम्ही काहीही केलं तरी हलत नाही. दुसरं, भूजल किती खाली गेलं किंवा नाल्यात किती प्लास्टिक साचलं हे या मापात धरलेलंच नाही. पिशव्या सोडल्यात ते उत्तम, पण तो फायदा इथे दिसणार नाही. (आणि ‘कार्बन फूटप्रिंट’ हे प्रकरण घरोघरी पोचवण्यात 2000 नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही ध्यानात असू द्या. सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारायला ते सोयीचं होतं.)

मापायचं तर कार्बन मापा, आणि स्वतःच्या बिलांवरून मापा. आपल्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यात, कोळशाची वीज एवढी आहे की एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. एक लिटर पेट्रोल 2.3 किलो. 14.2 किलोचा सिलिंडर 42 किलोच्या आसपास. पुणे-दिल्ली विमानाचं एका माणसाचं एका बाजूचं ढोबळमानाने 100 किलो. आता तुमचं वर्ष बघा: वीज 2.1 टन, पेट्रोल दीड टन, विमान 800 किलो, गॅस 380 किलो. एकूण 4.8 टन, माणशी 1.2. खाणं आणि खरेदी यात नाही. पण दिल्लीची एक फेरी दोन वर्षांच्या स्वयंपाकाइतकी पडते, हे कॅल्क्युलेटरने तुम्हाला सांगितलं नसणार.

विजेचं थोडं खोलात जाऊन बघू, कारण सगळ्यात मोठा आकडा तोच. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला बहुधा 3200 इम्प किंवा 1600 इम्प असं छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा तितक्या वेळा लागला की एक युनिट. एखाद्या रविवारी घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं, आणि खाली मीटरपाशी जाऊन उभे राहा. सेट-टॉप बॉक्स, वायफाय वगैरे मागे राहिलंय का ते लगेच कळतं. मग वरून कोणाला तरी एकेक वस्तू लावायला सांगा. 3200 च्या मीटरवर 75 वॅटचा साधा पंखा दर पंधरा सेकंदांनी एकदा दिवा लावतो. 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा जवळजवळ चाळीस सेकंद घेतो. दोन किलोवॅटचा गीझर लावला की दिवा सेकंदाला पावणेदोन वेळा, जवळपास थरथरतोच. मोबाइलच्या चार्जरवरून घरात वाद घालणाऱ्यांना मी एवढंच दाखवते.

वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. चौघांच्या आंघोळीचे रोजचे दोन, महिन्याचे साठ. तुमच्या बिलाचा पाव भाग न्हाणीघरात जातोय. तुमच्या इमारतीवर सोलर वॉटर हीटर असेल तर तो चालतो का बघा. पुण्यात कितीतरी गच्च्यांवर तो नुसता उभा असतो: बोअरच्या क्षारांनी नळ्या बुजलेल्या, नाहीतर खालच्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाया, म्हणून लोकांनी कंटाळून सोडून दिलेला. क्षार काढून घेणं आणि पाइपला इन्सुलेशन करणं हा किरकोळ खर्च आहे. सोलर नसेल तर ऐकायला उलटं वाटेल, पण आजच्या ग्रिडवर गॅस गीझरचा कार्बन विजेच्या गीझरपेक्षा निम्म्याहून कमी पडतो. फक्त तो बंद बाथरूममध्ये बसवू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

पंखे बदलायचे तर आधी बेडरूमचे, रात्रभर चालणारे. बारा तास चालणारा एक पंखा बदलला की वर्षाला दीडशेच्या वर युनिट वाचतात. हॉलमधला नंतर बघू.

पेट्रोलबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगणार; कार किती कमी बाहेर काढता यावर सगळं आहे. दिल्लीला एका बाजूने तरी रेल्वेने जा. सव्वा दिवस मोडतो हे खरं, पण कार्बन विमानाच्या फार तर पाचवा हिस्सा.

आता तुम्ही बंद ठेवू लागलेल्या नळाचं. एक हजार लिटर पाणी दहाव्या मजल्याच्या टाकीत चढवायला पंपाला पाव युनिटही पुरतं, त्यामुळे नळ बंद ठेवून कार्बन फारसा वाचत नाही. टँकर आला की हिशोब बदलतो. दहा हजार लिटरचा टँकर वीस किलोमीटरची फेरी मारतो तेव्हा चार-पाच लिटर डिझेल जळतं, म्हणजे तेच पाणी वर चढवण्याच्या कितीतरी पट कार्बन. मार्च ते जून पाणी वाचवा, तेही टँकर टाळायला.

खाण्यात परदेशी याद्या बीफ सोडा म्हणून सांगतात. आपल्या बहुतेक घरांना त्याचा उपयोग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. चौघांचे 220 किलो. भात मोजून लावा.

खरेदीत मोठी बाब बांधकाम आणि फर्निचर. सिमेंटच्या एका पोत्यामागे तीस किलोच्या आसपास कार्बन असतो. धडधाकट टाइल्स काढून नव्या बसवणाऱ्याला स्ट्रॉच्या बचतीचं कौतुक नको. मोबाइलचाही बराचसा कार्बन तो बनतानाच खर्ची पडलेला असतो, म्हणून बॅटरी बदलून आणखी दोन वर्षं वापरा.

शेवटचं सोसायटीचं. फ्लॅटवाल्याची स्वतःची गच्ची नसते, पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा मीटर सामाईक असतो. पंतप्रधान सूर्य घर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, आणि आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. वार्षिक सभेत विषय नुसता तोंडी काढलात तर ‘गच्ची गळेल’ म्हणून पाच मिनिटांत गुंडाळतील. सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिलं, दोन कोटेशनं आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचं लेखी मत सेक्रेटरींना आधीच द्या आणि विषय अजेंड्यावर छापून घ्या.