एकच १.२, पण कुणाचं?

प्रश्न : डॉक्टरबाई, आई ६८ वर्षांची. निपाणीत जन्मभर विड्या वळल्या. दहा वर्षं शुगर आहे. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून घेते. परवा क्रिएटिनिन १.२ आलं, शेजारी ०.६ ते १.२ छापलंय. म्हणजे किडनी चांगली ना? लघवीला फेस येतो म्हणते.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, त्या छापील आकड्यांवर विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. गाळणं मंदावलं की रक्तात साठतं. पण मुळात तयार किती होतंय, हे अंगावरच्या मांसावर ठरतं. तालमीतला २५ वर्षांचा पोरगा आणि विड्या वळून वाळलेली तुमची आई, दोघांचं १.२ सारखं कसं धरायचं? म्हणून वय आणि स्त्री-पुरुष लक्षात घेऊन ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं गाळते याचा अंदाज, काढतात. २०२१च्या सूत्रानं त्या पोराचा सुमारे ८६ येतो, तुमच्या आईचा ४९. आई फारच किरकोळ असेल तर खरा आकडा त्याहून कमीही असू शकतो.

घाबरू नका, एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत. जुलाब झाले, आदल्या रात्री मटण खाल्लं, तरी क्रिएटिनिन चढतं. ईजीएफआर तीन महिने ६०च्या खाली राहिला, तर मात्र तो किडनीचा जुना आजार.

मला जास्त काळजी फेसाची वाटते. शुगरवाल्यांत बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याआधीच लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जायला लागतं. सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर तपासणी (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करा. ती ३०च्या आत हवी. ही तपासणी शुगरच्या प्रत्येक माणसानं वर्षातून एकदा करायचीच असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर आजच बंद करा, ती किडनीला जड जाते. शुगरच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

माझी आत्या खानापूरची, शेतात राबलेली. तिचे रिपोर्ट पिशवीत नीट जपलेले होते, प्रत्येकावर 'नॉर्मल'. तिन्ही वर्षांचे शेजारी मांडले तेव्हा दिसलं : ०.७, ०.९, १.२. मी डॉक्टर असून ते आधी मांडले नव्हते, हे मला अजून लागतं. तुमच्या आईचे जुने कागद ट्रंकेत असतील, तर तपासायला जाताना सगळे घेऊन जा.