बाग गहाण टाकून मुलाला रिगवर धाडू नका

तुमचं पत्र वाचलं. मुलाला बारावी सायन्सला 54 टक्के, तो दाभोळच्या जेटीवर बोटींची इंजिनं खोलण्यात रमलेला, आणि तुम्ही मात्र एजंटच्या तीन महिन्यांच्या ‘ऑफशोअर रिग कोर्स’साठी कलमांची बाग तीन लाखांना गहाण टाकायला निघालात. ‘तो नको म्हणतो, पण घरात कोणी कमवायला नको का?’ हे वाक्य मला फार खटकलं. रिग म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणारा मंच. तिथे 14 किंवा 28 दिवस सलग राहायचं, रोज 12 तासांची पाळी. रात्री ड्रिल फ्लोअरवर, म्हणजे खोदकामाच्या जागी, लक्ष उडालं की बोटं टाँगमध्ये (पाइप घट्ट पकडणाऱ्या अवजड पान्यात) चिरडतात. मन नसलेल्या पोराला तिथे कशाला ढकलता? आणि बाग गहाण आहे म्हटल्यावर तो कितीही घाबरला तरी परत यायचं नाव काढणार नाही.

एजंटच्या माहितीपत्रकावर फोटो सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धवट बुडून तरंगणाऱ्या रिगचा आणि खाली ‘पोस्टिंग मुंबई हाय, घराजवळ’. इथेच फसवणूक दिसते. मुंबई हाय या मुंबईजवळच्या समुद्री तेलक्षेत्रात पाणी जेमतेम 75 मीटरच्या आसपास. तिथे तळाला पाय टेकून उभी राहणारी जॅक-अप रिग चालते. 1974 मध्ये तिथे तेल शोधणारी ‘सागर सम्राट’ रिगही जॅक-अपच. सेमी-सबमर्सिबल लागते ती शेकडो मीटर खोल पाण्यात, आपल्याकडे मुख्यतः कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात, म्हणजे पार काकिनाड्याकडे. तिचे पाँटून, म्हणजे तळाचे पोकळ तराफे, बॅलास्टचं (तोल राखण्यासाठी टाक्यांत घेतलेलं) पाणी भरून लाटांखाली बुडवतात, लाटांच्या पातळीला फक्त खांब उरतात, म्हणून ती कमी हलते. कुठल्या टाकीत किती पाणी, यावर अख्खी रिग तोललेली असते. 1982 मध्ये कॅनडाजवळ ‘ओशन रेंजर’ या अशाच रिगच्या बॅलास्ट कंट्रोल रूमची काच लाटेने फुटली, खारं पाणी पॅनेलवर गेलं आणि झडपांवरचा ताबा सुटला. 84 जण होते, एकही वाचला नाही. माणसांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, हे चौकशीत निघालं. असल्या जागी तीन महिन्यांच्या कोर्सवर कोणी बसवत नाही.

समुद्रावर जायला सुरक्षा प्रशिक्षण लागतं हे खरं, पण ते साधारण तीन दिवसांचं. हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात, पट्टा सोडून खिडकीतून बाहेर यायचं. नोकरी पक्की झाल्यावर ते करावं.

बारावी सायन्सवर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. नाहीतर आयटीआयला डिझेल मेकॅनिक. रिगची वीजही डिझेल जनरेटरवरच चालते, तेव्हा उद्या त्याला स्वतःला जावंसं वाटलं तर हे शिक्षण तिथेही कामाला येईल.

एजंटला टोकन दिलं असेल तर पावती जपून ठेवा. कुठल्या कंपनीची, कुठल्या रिगवरची, कुठल्या हुद्द्याची नोकरी, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तोवर सातबारा घरातून बाहेर काढू नका.